तुमची खुर्ची बिलेबल आहे का?

पुण्यात आयटीत नव्याने येणारी मुलं-मुली भेटली की प्रश्न ठरलेले असतात. जावा करू का पायथन, टेस्टिंगला स्कोप आहे का, एआयने नोकऱ्या जाणार का, वाकडला रूम घेऊ का कोथरूडला राहून ये-जा करू. सगळे प्रश्न बरोबरच आहेत, पण ज्या एका गोष्टीने माझी सुरुवातीची वर्षं खाल्ली तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही, ती म्हणजे तुम्ही ज्या खुर्चीत बसणार त्या खुर्चीचे पैसे नक्की कोण देतंय? पगार कंपनी देते हो, ते मलाही माहितीये. मी म्हणतेय कंपनीला तुमच्या कामाचे पैसे कोण देतंय, आणि मुळात देतंय का? क्लायंट देत असेल तर ती खुर्ची बिलेबल, नाहीतर नॉन-बिलेबल.

मी मराठवाड्यातली, कॅम्पसमधून उचललेली, लिनक्सचं वेड कॉलेजपासूनचं, हॉस्टेलवर अख्ख्या मजल्याचे लॅपटॉप फॉरमॅट करून देणारी. अशा पोरींना वाटतं कोड चांगला लिहिता आला की बाकीचं होतंच. कोड चांगला यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण सॉफ्टवेअर ही टेक्नॉलॉजी आहे तेवढाच तो एक धंदा पण आहे, आणि धंद्याची बाजू कॉलेजात सोडा, इंडक्शनला पण कुणी सांगत नाही. इंडक्शनला काय सांगतात तर ड्रेस कोड, पॉश (लैंगिक छळविरोधी) ट्रेनिंग आणि कॅन्टीनचं कार्ड कसं रिचार्ज करायचं.

एक साधा हिशोब करू. समजा तुमच्या कंपनीने अमेरिकेतल्या क्लायंटला ताशी २० डॉलर दराने एक माणूस दिलाय. दिवसाचे ८ तास, महिन्याचे २१ दिवस, झाले १६८ तास, म्हणजे ३,३६० डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले, तोच भाव धरला तर महिन्याला ३ लाखांच्या थोडं वर. आता आपलं ऑफर लेटर काढा. सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांचं सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या कंपनीत, फ्रेशरचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हा आकडा मी शाळेत होते तेव्हापासून जवळपास तिथेच ठाण मांडून बसलाय. म्हणजे तुमचं अख्ख्या वर्षाचं पॅकेज बिलिंगच्या एका महिन्यात जवळजवळ निघतं.

लगेच लुटतायत लुटतायत म्हणून ओरडू नका. त्या पैशातून ऑनसाइटची (क्लायंटकडे जाऊन बसलेली) माणसं, सेल्सवाले, बिल्डिंगचं भाडं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलेली पोरं, क्लायंटला दिलेला डिस्काउंट सगळं जातं. सगळ्यात मोठ्या चार लिस्टेड सर्व्हिस कंपन्यांचं ऑपरेटिंग मार्जिन साधारण १७ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात असतं, हे त्यांच्या दर तिमाहीच्या निकालात छापून येतं, वाचा कधीतरी, पेपरमध्ये राशिभविष्याच्या मागच्या-पुढच्या पानावरच असतं. तिथेच युटिलायझेशन नावाचा एक आकडा असतो. कंपनीतली किती टक्के माणसं या घडीला बिल होतायत, तो आकडा. तुमचं नशीब या आकड्याला बांधलेलं आहे, तुमच्या जावाला नाही. (जावाला पण आहे, पण ते नंतर येतं.)

आता मुद्द्याचं. थोडं लांब होईल, कारण यातच मी अडकले होते आणि अजूनही कुणी ‘शॅडो रिसोर्स’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

बरेचसे प्रोजेक्ट टाइम अँड मटेरियलवर चालतात, म्हणजे क्लायंट माणसं मोजून पैसे देतो. करारात, ज्याला सगळे एसओडब्ल्यू म्हणतात, किती माणसं, कुठल्या लेव्हलची, काय दराने, हे लिहिलेलं असतं. समजा करारात दहा माणसं आहेत. प्रत्यक्ष टीममध्ये मात्र बारा-तेरा बसलेली असतात. ही वरची दोन-तीन कोण? तर शॅडो, किंवा बफर. क्लायंट त्यांचे पैसे देत नाही, बऱ्याचदा त्याला ती आहेत हेच माहिती नसतं. कंपनी त्यांना का ठेवते याला कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत: कुणीतरी पेपर टाकणार, म्हणजे राजीनामा देणार, हे गृहीत असतं, तेव्हा तयार माणूस हाताशी लागतो, फ्रेशरला शिकायला जागा मिळते, आणि महागडा सिनियर काढून त्याच्या जागी स्वस्तातला ज्युनियर बसवायचा असेल तर आधी त्याला सहा महिने मुरवावं लागतं.

ऐकायला छानच वाटतं. गंमत पुढे आहे. शॅडो म्हणून आलेली मुलगी पहिले दोन महिने बघते, तिसऱ्या महिन्यापासून काम करायला लागते, कारण काम पडलेलंच असतं, आणि चौथ्या महिन्यात ती टीममधल्या इतर कुणाहीइतकंच काम करत असते. पण कागदावर ती नाहीच. तिकीट (कामाची नोंद) दुसऱ्याच्या नावावर, कमिट (कोड जमा करणं) दुसऱ्याच्या आयडीने, क्लायंट कॉलवर म्यूट. माझ्या बाबतीत अमेरिकेतल्या एका इन्शुरन्स क्लायंटचा सपोर्ट प्रोजेक्ट होता, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, पहाटेची कॅब, सोबत गार्ड, पीजीवाल्या काकूंची रोजची कुरकुर. क्लेमचे बॅच जॉब, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, रात्री अडकायचे, ते कुठे अडकतात हे शोधायला मी शेल स्क्रिप्ट लिहिल्या, त्या पुढे सगळी टीम वापरायला लागली आणि त्या टीमच्या आहेत म्हणूनच क्लायंटला दाखवल्या गेल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या क्वार्टरला तुझं बिलिंग येतंय. पुढच्या क्वार्टरला म्हणे अजून पुढच्या क्वार्टरला. मग क्लायंटकडे खर्च कपात आली, प्रोजेक्ट रॅम्प डाउन झाला, म्हणजे माणसं कमी करायला लागले, आणि यादी कशी बनते माहितीये? एक्सेलमध्ये बिलेबल-नॉन बिलेबलचा कॉलम असतो, त्यावर फिल्टर मारतात. काम कुणी किती केलं हा कॉलमच नसतो.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही म्हणून जास्त सांगतेय. अप्रेझलला मॅनेजरला तुमच्यासाठी भांडायला काहीतरी हातात लागतं, क्लायंटचं अप्रिसिएशन मेल, बंद केलेली तिकिटं, काहीतरी. शॅडोकडे यातलं काहीच नसतं, त्यामुळे बेल कर्व्हच्या, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात वर-खाली रेटिंग वाटायच्या साच्याच्या, खालच्या टोकाला कुणाला टाकायचं हा प्रश्न आला की सगळ्यात सोयीचं गिऱ्हाईक तुम्ही. रेटिंग खाली आलं की इन्क्रिमेंट गेलं, इंटर्नल जॉब पोस्टिंगला अप्लाय करायला किमान रेटिंग लागतं ते पण गेलं. मग बेंच. बेंचवर आरएमजीचे (माणसं प्रोजेक्टवर लावणाऱ्या विभागाचे) मेल येतात, कधी मेनफ्रेमचा प्रोजेक्ट, कधी सेल्सफोर्स, कधी भलत्याच शहरात, आणि नाही म्हणालात तर नकाराची नोंद होते. काही कंपन्यांत आता वर्षाला बेंचवर किती दिवस बसता येईल याला मर्यादा आहे. बाहेर इंटरव्ह्यू द्यायला जावं तर विचारतात, क्लायंट इंटरॅक्शन किती? आता म्यूटवर बसून ऐकलं याला इंटरॅक्शन म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

ओळखायचं कसं? टाइमशीट भरताना प्रोजेक्ट कोड नीट बघा, नॉन-बिलेबलचा कोड वेगळा असतो. एचआर पोर्टलवर अलोकेशन नावाचं पान असतं, तिथे टक्के आणि प्रकार दोन्ही दिसतात. क्लायंटकडचा ईमेल आयडी, व्हीपीएन, त्यांच्या चॅटवरचं अकाउंट तुमच्या नावाने आलं का? दोन महिन्यांत नाही आलं तर समजून जा. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे कुणीतरी सिनियर प्रेमाने म्हणतो, अगं तोपर्यंत माझ्या लॉगिनने काम कर ना. नाही. नाही म्हणजे नाही. इथे मी कुणाचं ऐकून घेणार नाही. दुसऱ्याच्या लॉगिनने काम करणं जवळपास प्रत्येक क्लायंटच्या सिक्युरिटी पॉलिसीत बसत नाही, ऑडिटला सापडलं तर दोघांचीही नोकरी जाऊ शकते, आणि तुम्ही केलेलं चांगलं काम त्याचं, काही बिघडलं तर चौकशी मात्र दोघांची. गोड बोलून टाळा, आयडीची रिक्वेस्ट रेझ करा, मेलवर मॅनेजरला ठेवा.

विचारायला घाबरू नका. मला वाटायचं असं विचारलं तर आगाऊ वाटेल. अजिबात नाही वाटत. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरशी वन-ऑन-वन असतं, तिथे सरळ विचारायचं की सर, माझं अलोकेशन बिलेबल आहे का, नसेल तर अंदाजे कधी होईल आणि त्यासाठी मी काय काय शिकून ठेवू. शेवटचा भाग महत्त्वाचा, त्याने प्रश्नाचा सूर तक्रारीचा राहत नाही. उत्तरात महिना सांगितला तर तो डायरीत लिहा. मग दर शुक्रवारी चार ओळींचा मेल, या आठवड्यात काय केलं, कुठलं तिकीट, काय अडलं. चार ओळी, निबंध नाही. दोन क्वार्टर उलटली, मेल साठले आणि तरी बिलिंगचा पत्ता नाही, तर दुसरा प्रोजेक्ट शोधायला लागा, रेटिंग शाबूत आहे तोवर.

आता हे वाचून हातपाय गाळू नका. शॅडो असणं म्हणजे काही पाप नाही, बहुतेक फ्रेशर सुरुवातीला शॅडोच असतात, आणि त्या काळात डोक्यावर डेडलाइन नसल्यामुळे शिकायला जो वेळ मिळतो तो पुन्हा कधीच मिळत नाही. मी लॉग वाचायला तिथे शिकले, एसक्यूएल तिथे शिकले, प्रॉडक्शनवर (क्लायंटच्या चालू सिस्टीमवर) हात न थरथरता कमांड कशी टाकायची (आधी ती टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, एकदा मोठ्याने वाचायची, मग पेस्ट करायची) ते पण तिथेच. तीन-चार महिने शॅडो, ठीक. वर्षभर शॅडो, तर तुम्हाला फुकट राबवतायत.

हे सगळं सर्व्हिस कंपन्यांचं झालं. प्रॉडक्ट कंपनी किंवा जीसीसी, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं स्वतःचं इथलं ऑफिस, बाणेर-बालेवाडी-खराडीच्या काचेच्या इमारतींमधून सध्या दिसतात ती, तिथे बिलिंग नसतं म्हणून पोरं खुश असतात. अहो पण प्रश्न तोच राहतो, रूप बदलतं. तुमची टीम ज्या प्रॉडक्टवर आहे ते पुढच्या वर्षीच्या बजेटात आहे का? निर्णय पुण्यात होतो का बाहेरच्या देशात कुठेतरी? स्टार्टअप असेल तर बँकेत किती महिन्यांचा पगार आहे? संस्थापकांना हे विचारता येतं, चांगले असतील तर सांगतात, आणि चिडले तर तेही उत्तरच झालं.

पुण्यात एक बरं आहे की इथे पैशाचे झरे एकाहून जास्त आहेत आणि नवीन मुलांना त्यातला एकच दिसतो. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र इथे १९८१ला सुरू झालं. त्याच वर्षी इन्फोसिस पुण्यातच १० हजार रुपये भांडवलावर सुरू झाली आणि १९८३ला बंगलोरला गेली, याची हळहळ जुने पुणेकर अजून करतात जणू त्यांच्या घरातलंच कुणी गेलं. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळेना म्हणून १९८८मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१मध्ये डॉ. विजय भटकरांच्या टीमने परम ८००० तयार केला, तो पैसा सरकारचा होता. आणि निर्यातीची वाट म्हणाल तर देशातले पहिले तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क १९९०मध्ये आले त्यात बंगलोर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. पुढच्याच वर्षी जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरमध्ये कमावणाऱ्याच्या हातात एका आठवड्यात जास्त रुपये यायला लागले, मग वायटूकेची, म्हणजे सन २०००च्या तारखांचा घोळ निस्तरायच्या कामांची, लाट आली, आणि त्यावर हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं. म्हणजे हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात आपण सिग्नलला अडकतो त्याचं मूळ रिझर्व्ह बँकेत आहे, असं मी मित्रांना सांगते तेव्हा ते मला उतरून चालत जायला सांगतात.

सरकार आणि डॉलर हे दोन झरे झाले, तिसरा गाड्यांचा. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणला फोक्सवॅगन आणि महिंद्रा, कोथरूडला गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय, आणि यांच्याभोवती गाडीतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या. ईअँडटीसी, इन्स्ट्रू आणि मेकॅनिकलवाले जेव्हा आपली ब्रँच सोडून फुलस्टॅकच्या क्लासला पळतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. सी नीट येत असेल, कॅन बस (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती वायर) काय असते ते कळत असेल, गाडीतल्या सॉफ्टवेअरसाठीचे ऑटोसार आणि मिस्रा सीचे नियम वाचून झाले असतील, तर तुमच्या मागे रांग कमी आहे. इथे ब्रेकच्या कोडमध्ये बग असला तर माणूस मरू शकतो, म्हणून आयएसओ २६२६२ सारखी स्टँडर्ड असतात, कागदपत्रं ढीगभर, काम संथ, पगार सुरुवातीला काही फार वेगळा नाही. ज्याला दर सहा महिन्यांनी नवीन फ्रेमवर्क लागतं त्याने येऊ नये. जर्मन आली तर अजून बरं, क्लायंट बरेचदा तिकडचे असतात.

क्लासेसबद्दल बोलायचं तर माझं मत स्वच्छ वाईट आहे. कर्वे रोड, डेक्कन, कर्वेनगर, जिथे बघाल तिथे बोर्ड, शंभर टक्के प्लेसमेंट. शिकवायला काही जण चांगले असतातही, एखाद्याला शिस्त लागावी म्हणून क्लास लावायचा तर लावा, पण ‘प्लेसमेंट’च्या नावाखाली दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव बनवून देतात ते दुकान दिसलं की रस्ता बदला. ऑफर लेटर, पे स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं बनवून मिळतं म्हणे. मिळतं. पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले आता पीएफचा यूएएन (कायमचा खाते नंबर) मागतात, त्यात तुम्ही कुठे कधीपासून कधीपर्यंत होतात ते सगळं दिसतं, आणि जिथे पीएफ भरलाच गेला नाही तिथे तुम्ही नव्हतातच. पकडलं गेलं की जॉइन झाल्यावर सुद्धा काढतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला असंच घरी बसावं लागलं, हुशार होता, खरा फ्रेशर म्हणून सहज लागला असता.

तासाला पैसे घेणारे ऑनलाइन मेंटॉर, यांच्याबद्दल पण मला शंका आहे. रेझ्युमे बघून देतात, चला हवा येऊ द्या टाइप प्रोत्साहन देतात, दोन हजार घेतात. मला आयुष्यात जी खरी मेंटॉर मिळाली ती एक खवट डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, बाई होती. काहीही विचारलं की तिचा एकच प्रतिप्रश्न, लॉग वाचलास? वाचला नसेल तर ती बोलायचीच नाही, परत स्क्रीनकडे. वाचून गेलं की मात्र अर्धा अर्धा तास उभी राहून सांगायची, इंडेक्स का वापरला जात नाहीये, प्लॅन कसा वाचायचा. असं माणूस प्रत्येक मजल्यावर एक तरी असतं, सहसा त्याच्याबरोबर जेवायला कुणी बसत नाही. तुम्ही बसा.

फुकटच्या सॉफ्टवेअरचं पण हेच आहे बघा, पैसे कोण देतंय. मी ओपन सोर्सची भक्त, त्यामुळे हे सांगायला जरा जड जातं. एक्सझेड नावाची एक छोटी कॉम्प्रेशन लायब्ररी आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. सांभाळणारा मुख्य माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी आलं, दोन वर्षांहून जास्त काळ मन लावून मदत केली, विश्वास मिळवला आणि शेवटी त्यात मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं. २०२४च्या मार्चअखेर ते उघडकीला आलं ते कशामुळे, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनियरला आपलं एसएसएच लॉगिन (लांबच्या मशीनवर शिरणं) साधारण अर्धा सेकंद हळू वाटलं आणि तो का म्हणून खोदत गेला. अर्धा सेकंद! आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून चहाला गेलो असतो. नवीन मुलांना मी ही गोष्ट दोन कारणांनी सांगते. एक म्हणजे कुतूहलाची किंमत कुठल्याही क्लासच्या सिलॅबसमध्ये नाही. दुसरं, सगळं जग ज्याच्यावर उभं आहे ती खुर्ची पण नॉन-बिलेबलच होती, तेव्हा ओपन सोर्समध्ये योगदान करा, जरूर करा, शिकायला त्याच्यासारखं काही नाही, पण त्यातून नोकरी आपोआप चालत येते असं जे सांगतात त्यांना त्यांचा पगार कुठून येतो ते विचारा.

इंग्रजीचं सांगायलाच पाहिजे. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, जळगावकडून येणाऱ्या मुलांचा निम्मा आत्मविश्वास इथेच जातो. ऑफिसात हिंदी-इंग्रजी चालतं, स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) वाक्य तोंडातच अडकतं, आणि सदाशिव पेठेतला एखादा आपलं मराठी ऐकून हसतो ते वेगळंच. क्लायंटला तुमचं व्याकरण नको असतं हो. काय मोडलंय, कधी नीट होईल, तोपर्यंत काय करायचं, एवढं तीन वाक्यांत आलं की बास. ती तीन वाक्यं आधी कागदावर लिहून मग कॉलला बसायचं. सहा महिन्यांत कागद सुटतो, माझा सुटला. लेखी इंग्रजीवर मात्र मेहनत घ्या, कारण मेल आणि तिकीट मागे राहतात.

खर्चाचं थोडक्यात. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं कोंबलेलं असतं हे आता सगळ्यांना माहितीये, प्रोफेशनल टॅक्स २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ते पण. मला एवढंच म्हणायचंय की पहिल्या दोन वर्षांत ईएमआय घेऊ नका, बुलेट तर नाहीच. वाकड-हिंजवडीची भाडी, मेस, पीजी, टपऱ्या हे सगळंच त्या डॉलरवर जगतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पोरं गावी गेली तेव्हा अख्ख्या सोसायट्या अंधारात होत्या आणि मेसवाल्या मावशी फोन करून विचारायच्या, परत कधी येताय. डिसेंबरात क्लायंटच्या सुट्ट्या लागतात, फर्लो म्हणतात त्याला, त्या दिवसांचं बिलिंग थांबतं, त्यामुळे ती तिमाही तशीही मंद असते. हातात चार-सहा महिन्यांचा खर्च असला की मॅनेजरला प्रश्न विचारायला जीभ जरा सैल सुटते.

आणि एआय. जुलै २०२५मध्ये टीसीएसने जाहीर केलं की जवळपास २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करणार, आणि त्यात मधल्या-वरच्या लेव्हलचे जास्त. त्या आठवड्यात हिंजवडीतल्या चहाच्या टपऱ्यांवर जी शांतता होती ती मी आधी बघितली नव्हती. माझं मत असं की कोड लिहिणारं यंत्र आलं म्हणून कोड कळणारा माणूस संपत नाही, पण सर्व्हिस कंपन्यांचा जो पिरॅमिड होता, खाली ढीगभर फ्रेशर, वर थोडे सिनियर, तो आता खालून बारीक होतोय. कराराच्या रिन्यूअलला क्लायंट सरळ म्हणतो, तुम्ही एआय वापरता ना, मग दर कमी करा, माणसं कमी करा. मग सगळ्यात आधी कात्री कुणाला? ज्या दोन-तीन खुर्च्यांचे पैसे येतच नव्हते त्यांना. म्हणजे शिकायची जी जागा होती तीच आकसतेय, आणि हे मला नोकऱ्या जाण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण पाच वर्षांनी सिनियर आणणार कुठून याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही. तुम्ही टूल वापरा, मी पण रोज वापरते, पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. इंटरव्ह्यूत आता हेच तपासतात, तुमचाच कोड उघडतात आणि विचारतात ही ओळ काढली तर काय होईल.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा नो सर थँक यू म्हणून उठू नका. विचारा की ही पोझिशन नवीन आहे का कुणाच्या जागी आहे, क्लायंटकडून मंजूर झालेली आहे का, आणि जॉइन झाल्यावर किती दिवसांत बिलिंग अपेक्षित आहे. टेक्निकल पॅनेलमधला माणूस बहुधा खरं सांगतो, त्याला लपवायचं काही नसतं. एचआरकडून ‘ते जॉइन झाल्यावर कळेल’ असं आलं आणि हातात दुसरी ऑफर असेल, तर दुसरीकडे जा. दुसरी ऑफर नसेल तर मुकाट्याने सही करा, जॉइन व्हा, आणि लॅपटॉप मिळाला की त्याच आठवड्यात पोर्टलवरचं अलोकेशनचं पान उघडून बघा.